वडाच्या पारंब्या आणि आपली आठवण

नाशिकला गेलात तर पंचवटीतील सीतागुंफेजवळचे वड जरूर पाहा. अशा पाच वडांवरूनच पंचवटी हे नाव पडले, असे सांगतात. वडाची फांदी खोडापासून फार लांब गेली की ती पारंबी सोडते. पारंबी जमिनीत रुजली म्हणजे फांदीला आधार आणि पाणी जागच्या जागी मिळते. तुमच्या मेंदूतील चेतापेशीपुढेही अशीच लांबच्या फांद्यांची अडचण असते.

चेतापेशीच्या फाट्यांना वृक्षिका म्हणतात. नावातच झाड आहे. दुसऱ्या पेशींचे निरोप घेणारे हजारो सांधे, म्हणजे चेतासंधी, या वृक्षिकांवर असतात. सांध्यात मिलिमीटरच्या सुमारे ५०,०००व्या भागाएवढी फट असते. अलीकडची पेशी ग्लुटामेटसारखे रसायन फटीत सोडते आणि पलीकडची ग्राही प्रथिने ते टिपतात. ग्राही वाढले की तोच निरोप अधिक जोराने पोचतो. पाढा पाठ होतो, तेव्हा मेंदूतले काही सांधे असे बळकट होतात.

ही बळकटी टिकायला नवी प्रथिने लागतात, हे कशावरून? १९६०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांनी दिवा लागताच अडथळा ओलांडून पलीकडे जायला गोल्डफिश माशांना शिकवले. शिकवल्यावर लगेच प्रथिननिर्मिती थांबवणारे प्युरोमायसिन टोचले, तर काही दिवसांनी मासे धडा विसरलेले आढळत. तेच औषध तासाभराने टोचले, तर आठवण शाबूत! मासे शिकत होते. शिकलेले पक्के होत नव्हते.

पण हजारो सांध्यांपैकी नेमक्या हव्या त्याच सांध्याला नवी प्रथिने मिळतात कशी? १९८२ साली स्टुअर्ड आणि लेव्ही यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक धागा सापडला. वृक्षिकांवर जे बारीक काटे असतात, त्यांच्या बुडाशीच प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांचे घोस होते. कारखाना अगदी दारात! (आपली उपमा इथे थोडी लंगडी पडते, कारण प्रथिनाचा आराखडा, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकातूनच येतो. मोटार प्रथिने तो ओढून आणतात.) हा आराखडा वाटेत गप्प ठेवलेला असतो. सांध्यावर निरोप आले की त्याचे वाचन सुरू होते. पुढे १९९६ मध्ये कांग आणि शूमन यांनी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापात वृक्षिका पेशीच्या मुख्य भागापासून तोडूनच टाकल्या. मग मेंदूतलेच एक वाढीचे प्रथिन दिले. सांधे तरीही बळकट झाले! प्रथिननिर्मिती रोखली, तेव्हा मात्र झाले नाहीत.

या कारखान्याला लगामही हवा. 'फ्रॅजाइल एक्स' या आनुवंशिक विकारात एक जनुक बंद पडते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन बनत नाही. एरवी हे प्रथिन अनेक आराखड्यांचे वाचन रोखून धरते. ते नसले की सांध्यांपाशी प्रथिने प्रमाणाबाहेर बनतात, काटे लांबट आणि कच्चे राहतात आणि मुलाला शिकणे जड जाते. अशा मुलाला आळशी ठरवणे किती अन्यायाचे आहे पाहा. त्याच्या मेंदूत काम कमी नाही, उलट जास्तच चालू असते. हा लगाम बाहेरून लावू पाहणारी काही औषधे उंदरांत गुणकारी ठरली. २०१०च्या दशकातील माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ती अपेक्षेइतकी उतरली नाहीत.