वाचनात न येणाऱ्या ओव्या : आरंभीच्या ख्रिस्तसभेतील स्त्रिया



ईस्टरच्या रविवारी सकाळच्या मिस्सेत संत योहानच्या शुभवर्तमानातील २० वा अध्याय वाचला जातो. मग्दालिया मरिया अंधार असतानाच कबरेकडे जाते, धोंड सरकवलेली पाहते आणि धावत जाऊन पेत्राला कळवते. पेत्र आणि दुसरा शिष्य येतात, गुंडाळून ठेवलेली वस्त्रे पाहतात. नवव्या ओवीपाशी वाचन संपते.

त्याच अध्यायाच्या ११ ते १८ ओव्यांत काय आहे? दोघे शिष्य घरी परततात, मरिया मात्र रडत तिथेच थांबते. पुनरुत्थित प्रभू तिला दर्शन देतो, नावाने हाक मारतो आणि आपल्या बांधवांकडे निरोप घेऊन पाठवतो. ती जाते आणि आपण प्रभूला पाहिले असे शिष्यांना सांगते. हा भाग आपण ईस्टरनंतरच्या मंगळवारी आणि २२ जुलैला वाचतो. म्हणजे जे रोज मिस्सेला येतात त्यांच्या कानी तो पडतो. केवळ रविवारी येणाऱ्यांना मात्र पुनरुत्थानाची पहिली साक्ष एका स्त्रीने दिली हे ईस्टरच्या वेदीवरून ऐकायला मिळतेच असे नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत स्त्रियांना स्थान नव्हते, असे अनेकजण समजतात. दुसऱ्या बाजूला, ख्रिस्तसभेने त्यांचा इतिहास गुप्तपणे नष्ट केला, असेही काही म्हणतात. दोन्ही गोष्टी तपासून पाहायला हव्यात. त्यासाठी गुप्त ग्रंथांची गरज नाही, आपल्या घरातले बायबल पुरेसे आहे.

१. मग्दालिया मरिया

चारही शुभवर्तमाने तिला रिकाम्या कबरेजवळ दाखवतात. संत लूक (८:१-३) सांगतो की येशूने तिच्यातून सात भुते काढली होती. योहान्ना, सुसान्ना व इतर स्त्रियांबरोबर ती प्रभूच्या मागे गेली आणि ह्या स्त्रिया आपल्या मिळकतीतून येशूची व बारा जणांची सेवा करीत असत. ती वेश्या होती असे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही.

मग ही समजूत आली कुठून? इ.स. ५९१ च्या सुमारास पोप महान ग्रेगरी ह्यांनी रोममध्ये केलेल्या प्रवचनात तीन स्त्रियांना एकत्र केले : मग्दालिया मरिया, बेथानीची मरिया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील निनावी पापी स्त्री. त्यांचा हेतू लोकांना पश्चात्तापाकडे नेण्याचा होता. परंतु परिणाम असा झाला की पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत पुढची सुमारे १४०० वर्षे ती पुनरुत्थानाची साक्षीदार म्हणून कमी आणि पश्चात्तापी पापिणी म्हणून अधिक ओळखली गेली. पौर्वात्य ख्रिस्तसभेने ह्या तिघींना कधीच एक मानले नाही. आपल्याकडे १९६९ साली उपासना दिनदर्शिकेची सुधारणा झाली तेव्हा हा घोळ दूर झाला. ३ जून २०१६ च्या आज्ञापत्राने तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांप्रमाणे सणाचा दर्जा मिळाला. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी १३ व्या शतकात तिच्यासाठी वापरलेले ‘प्रेषितांची प्रेषित’ हे बिरूदही पुन्हा पुढे आले.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द दा विंची कोड’ ह्या कादंबरीने तिला येशूची पत्नी बनवले. जुन्या प्रवचनांनी तिला वेश्या केले, कादंबरीने पत्नी केले. तिला प्रभूने कोणता निरोप दिला आणि तिने तो कसा पोहोचवला, ह्याकडे दोघांचेही फारसे लक्ष गेले नाही.

२. रोमकरांस पत्र, अध्याय १६

हा अध्याय म्हणजे नावांची यादी, म्हणून आपण तो भराभर पुढे ढकलतो. कृपया आज घरी तो सावकाश वाचा आणि स्त्रियांची नावे मोजा. फिबी, प्रिस्का, मरिया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया, शिवाय रूफाची आई आणि नीरियाची बहीण. एकूण दहा.

ह्यांपैकी मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस ह्या चौघींबद्दल पौल ‘पुष्कळ श्रम केले’ अशा अर्थाचे ग्रीक क्रियापद वापरतो. स्वतःच्या प्रेषितकार्यासाठीही तो हेच क्रियापद वापरतो. ह्या अध्यायात ते एकाही पुरुषासाठी आलेले नाही.

प्रिस्काचे (किंवा प्रिस्किल्लाचे) नाव तिचा पती अक्विला ह्याच्याबरोबर नव्या करारात सहा वेळा येते. जुन्या हस्तलिखितांनुसार त्यांतील चार वेळा तिचे नाव आधी येते. अपुल्लोस हा विद्वान वक्ता होता, त्याला प्रभूचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगणाऱ्यांत ती होती (प्रेषितांची कृत्ये १८:२६).

फिबी ही करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील ख्रिस्तसभेची ‘दियाकोनोस’ होती, असे पौल लिहितो. पौल स्वतःसाठीही हाच शब्द वापरतो. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात पौलासाठी ह्या शब्दाचे भाषांतर ‘मिनिस्टर’ झाले, फिबीसाठी मात्र ‘सर्व्हंट’ झाले. मूळ शब्द एक, पण पुरुषाला लावला तर अधिकार दिसतो आणि स्त्रीला लावला तर चाकरी दिसते! हे पत्र रोमला घेऊन जाणारी फिबीच होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळी पत्र नेणाऱ्याला ऐकणाऱ्यांच्या शंकांना उत्तरेही द्यावी लागत. तसे असेल तर पौलाच्या सर्वांत मोठ्या पत्राचा अर्थ रोमकरांना प्रथम एका स्त्रीने समजावून सांगितला असावा. पण आपल्या रोजच्या वाचनमालेत हा अध्याय तिसऱ्या ओवीपासून सुरू होतो. फिबीच्या दोन ओव्या वगळल्या जातात.

३. युनियाचा पुरुष कसा झाला?

सातव्या ओवीत पौल अंद्रोनिक व युनिया ह्यांना प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. चौथ्या शतकातील संत योहान ख्रिसोस्तोम ह्यांची मातृभाषा ग्रीक होती. त्यांनी युनियाला स्त्री मानून, तिला प्रेषित म्हटले गेले ह्याबद्दल तिची स्तुती केली. पुढे मध्ययुगात कोणी तिला पुरुष समजू लागले. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत स्वराघाताची चिन्हे नव्हती. आपल्याकडे काना-मात्रेने अर्थ बदलतो, तसे ह्या ओवीत चिन्ह कुठे घालावे ह्यावर ती ‘युनिया’ की ‘युनियास’ हे ठरत होते. १९२७ च्या ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासप्रतीत पुरुषवाचक रूप छापले गेले. ते १९९८ मध्ये दुरुस्त झाले. युनिया हे स्त्रीनाम प्राचीन रोमच्या शिलालेखांत शेकडो वेळा सापडते, ‘युनियास’ हे पुरुषनाम एकदाही सापडलेले नाही. काही अभ्यासक त्या ओवीचा अर्थ ‘प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली’ असा लावतात, तो वाद चालू आहे. परंतु ती स्त्री होती ह्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

४. मग पौलाने स्त्रियांना गप्प राहायला सांगितले त्याचे काय?

हा प्रश्न योग्य आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात (३४-३५) तसे लिहिले आहे. पण त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात (ओवी ५) स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. तेव्हा त्या कशा वेषात असाव्यात एवढेच तो सांगतो. एकच माणूस एकाच पत्रात स्त्रियांनी बोलावे व बोलू नये असे सरसकट म्हणणार नाही. ३४ व ३५ ह्या ओव्या काही जुन्या हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात. त्यांच्या मूळ जागेविषयी आणि अर्थाविषयी अभ्यासकांत म्हणूनच चर्चा आहे. तर्कशास्त्राचा साधा नियम असा की एका वाक्यावरून संपूर्ण विचार ठरवू नये. आपण मात्र १४ वा अध्याय पाठ केला आणि ११ वा विसरलो.

५. हे कसे घडले?

पहिल्या शतकांत श्रद्धावंत घरांत एकत्र जमत. फिलिप्पै येथील लुदियाचे घर हे त्याचे उदाहरण (प्रेषितांची कृत्ये १६). घरात गृहिणीचा शब्द चाले. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी ह्याने सम्राट त्रायान ह्याला कळवले की ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी आपण दोन दासींचा छळ केला आणि त्या दोघींना ते ‘सेवाधारी’ म्हणत. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आहे. इ.स. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली, उपासना घरांतून मोठ्या सार्वजनिक मंदिरांत आली आणि सार्वजनिक जागेत स्त्रीने बोलू नये हा रोमन समाजाचा दंडक अधिक लागू झाला. तरीही इ.स. ४५१ च्या खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने ४० वर्षांखालील स्त्रीस डिकनीसपद देऊ नये असा नियम केला. म्हणजे ते पद तेव्हा अस्तित्वात होते. एका दिवसात, एका कटाने हे पुसले गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे विसरले गेले, आणि विसरणाऱ्यांना ते सोयीचेही होते.

६. आज आपल्यासाठी

धर्मगुरुपदाबद्दल पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९४ साली ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट केली आहे, आजच्या पाठाचा विषय तो नाही. स्त्रियांच्या डिकनपदाच्या अभ्यासासाठी पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ व २०२० साली समित्या नेमल्या. २०२१ साली वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे त्यांनी स्त्रियांना खुली केली आणि २०२३ च्या सिनॉडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रकाशित झाले. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तरी देवाच्या शब्दासाठी एका मराठी स्त्रीने घेतलेले हे श्रम आपण मान खाली घालून स्वीकारावेत असेच आहेत.

आपल्या धर्मग्रामातही धर्मशिक्षण देणाऱ्या, रोगी-वृद्धांच्या घरी जाणाऱ्या, समूहप्रार्थना चालवणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच आहेत. त्यांच्या कामाला आपण ‘मदत’ म्हणतो. पौल त्याला ‘प्रभूमधील श्रम’ म्हणाला असता. शब्द बदलला की दृष्टी बदलते, आणि दृष्टी बदलली की सभेत निर्णय घेताना कोणाला विचारायचे तेही बदलते. आपल्या मुलींना मग्दालिया मरियेची गोष्ट सांगाल तेव्हा ती अर्ध्यावर थांबवू नका. प्रभूने तिला पाठवले आणि ती गेली, इथपर्यंत सांगा.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी :

१) योहान २०:११-१८ एकत्र वाचा. प्रभूने हा निरोप मरियेजवळ का दिला असावा?

२) रोमकरांस पत्र १६:१-१६ मधील कोणती स्त्री तुम्हाला आज प्रथमच भेटली?

३) आपल्या समूहात श्रम कोण करते आणि निर्णय कोण घेते?

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू