ध्रुवीय समुद्रबर्फाचा अंदाज आणि भारतीय शेती

उत्तर ध्रुवीय महासागरावरील बर्फाचे आवरण मार्चच्या सुमारास सर्वाधिक पसरते आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होते. १९७९ पासून उपग्रहांद्वारे त्याची सलग नोंद होत आहे. या नोंदींतील नीचांक सप्टेंबर २०१२ मधील असून, त्या वेळी सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावरच बर्फ उरला होता.

या दूरच्या घटनेचा भारतीय शेतीशी काय संबंध? गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांतील संभाव्य संबंध मांडला. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला येते. अशा वेळी झालेली अतिवृष्टी हाताशी आलेले पीक हिरावून नेते. म्हणूनच बर्फाच्या घटीची पूर्वसूचना मोलाची ठरू शकते.

मात्र हे काम सोपे नाही. उपग्रहाला बर्फाचा विस्तार स्पष्ट दिसतो. परंतु उन्हाळ्यात किती बर्फ टिकेल हे मुख्यतः जाडीवर अवलंबून असते. बर्फाचा बहुतांश भाग पाण्याखाली असल्याने जाडी मोजणे कठीण जाते. शिवाय बर्फाच्छादित पृष्ठभाग सुमारे ८० टक्के सूर्यप्रकाश परावर्तित करतो, तर खुले पाणी त्यातील ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेते. त्यामुळे मे-जूनमध्ये सुरू झालेले वितळणे स्वतःच वेग घेते. या कारणाने मेपूर्वी वर्तविलेले सप्टेंबरचे अंदाज बरेचदा चुकतात, तर जूननंतरचे अधिक विश्वासार्ह ठरतात. पुढे उन्हाळी वादळे व वारे हेही गणित बदलू शकतात.

दिल्लीलगतच्या नोएडा येथे १९८८ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र आहे. तेथील संयुक्त संगणकीय प्रारूपात वातावरण, भूपृष्ठ, महासागर व समुद्रबर्फ यांची गणिते एकत्र मांडली जातात. २०२४ मध्ये केंद्राला ८.२४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अरुणिका’ हा महासंगणक लाभला. तथापि, गणनशक्तीला प्रत्यक्ष निरीक्षणांची जोड हवीच. २००८ पासूनचे ‘हिमाद्री’ संशोधन स्थानक आणि २०१४ मध्ये तेथील कोंग्सफ्योर्डन खाडीत बसविलेली ‘इंडआर्क’ ही पाण्याखालील वेधशाळा ही गरज काही अंशी भागवितात.

ध्रुवीय संशोधनावरील खर्च ही केवळ वैज्ञानिक प्रतिष्ठेची बाब नाही. ध्रुवावरील निरीक्षण, नोएडातील गणित आणि शेतकऱ्याला वेळेवर मिळणारा सल्ला ही साखळी जोडली गेली, तरच त्याचे खरे चीज होईल.