चष्म्याचा नंबर आणि आरोग्य-विम्याचे कार्ड

आरोग्य-विम्याचे कार्ड हाती आले की डोळ्यांची तपासणी आणि चष्मा यांचा खर्चही त्यातून भागेल, असा अनेकांचा समज असतो. कार्ड घेऊन तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात गेलेला मनुष्य रिकाम्या हाताने परततो आणि मग तपासणीच लांबणीवर टाकतो. गावातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्याकडे अशा वेळी विचारणा होते. म्हणून या विषयाची नेमकी माहिती त्यांच्याजवळ असणे अगत्याचे आहे.

२०१२ साली राज्यात सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०१८ साली केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना आली. या दोन्ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. बाह्यरुग्ण तपासणी, चष्म्याचा नंबर काढणे आणि चष्मा यांचा खर्च त्यांत मोडत नाही. तेव्हा 'कार्ड चालणारा चष्मेवाला' शोधण्यात दिवस घालविणे व्यर्थ होय.

मग जावे कोठे? ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असते. दृष्टी मोजणे, नंबर काढणे आणि मोतीबिंदूचा संशय आल्यास रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे हे त्यांचे काम. त्यासाठी विम्याचे कार्ड लागत नाही. मात्र हे अधिकारी शिबिरांसाठी बाहेरही जात असल्याने तपासणीचा वार आधी विचारून घ्यावा; म्हाताऱ्या माणसाचा एक हेलपाटा वाचतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून गरजू शालेय विद्यार्थ्यांना, तसेच जवळचे दिसत नसलेल्या वृद्धांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही या कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. अन्य शस्त्रक्रिया विम्यात बसते किंवा कसे, हे योजनेतील रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्रास दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

शाळेतील मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसरा डोळा निर्दोष असेल, तर मूल तक्रार करीत नाही, कारण धूसर दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. वापरात न आलेला तो डोळा हळूहळू मंद होतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत उपचार झाल्यास दृष्टी सुधारण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. पुढे ती कमी होत जाते, आणि मग केवळ चष्म्याने उणीव भरून निघत नाही. येथे एक वर्षाचा विलंबही महागात पडतो.

म्हणून पहिलीच्या वर्गापासूनच तपासणी व्हावी. भिंतीवर दृष्टिफलक लावून मुलास ६ मीटरवर उभे करावे व एकेक डोळा तळहाताने, परंतु न दाबता, झाकून वाचावयास सांगावे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी दिशा दाखविणारा 'ई' अक्षराचा फलक असतो. ६/६० याचा अर्थ इतकाच, की निर्दोष डोळ्यास ६० मीटरवरून दिसणारे अक्षर या मुलास ६ मीटरवरून दिसते. फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणारा विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. ज्याच्याविषयी शंका वाटेल त्याचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास द्यावे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्यतपासणी हे पथक करते.

डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला, दृष्टी अचानक गेली किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर मात्र शिबिराची वाट पाहू नये. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभाग गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी दिसण्यात काही फरक जाणवत नसला तरी दरवर्षी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. त्या दिवशी काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणी तरी न्यावे आणि परत येताना वाहन चालवू नये.