कवटीत उमटलेली शहराची खूण

माणसाने रान तोडून नगर वसविले, तरी तेथील सर्वच वन्य प्राणी निघून जात नाहीत. काही लहान प्राणी माणसाच्या शेजारीच राहतात आणि बदललेल्या परिसराची खूण त्यांच्या हाडांत उमटते. अमेरिकेतील शिकागो शहरातील एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथील फील्ड म्युझियम या संग्रहालयात त्या परिसरातील कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या सुमारे सव्वाशे वर्षांतील कवट्या जतन केलेल्या आहेत. त्यांपैकी चिपमंक या पट्टेरी खारीच्या १३२ आणि व्होल या आखूड शेपटीच्या, गवताळ जागी राहणाऱ्या उंदराच्या १९३ कवट्या संशोधकांनी मोजल्या. वाढती वस्ती व तापमान या दोहोंशी ही मापे ताडून पाहण्यात आली. निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले.

काळ पुढे सरकला तशी चिपमंकची कवटी मोठी होत गेली. दाढांची रांग मात्र आखूड झाली. हा प्राणी कठीण कवचाची फळे, बिया, कीटक असे मिळेल ते खातो. माणसाने टाकलेले अन्न भरपूर व मऊ असते. त्यामुळे देह वाढला आणि चावण्याचे श्रम कमी झाले, असा तर्क करण्यात आला आहे. व्होल मुख्यतः गवतपाल्यावर जगतो. त्याच्या कवटीचा आकार वाढला नाही. परंतु दाट वस्तीच्या भागात त्याच्या कानाजवळील पोकळ हाडाचा फुगवटा लहान आढळला. शहरातील गोंगाटाशी याचा संबंध असावा, असे संशोधकांना वाटते. हे फरक तापमानापेक्षा शहरीकरणाशी अधिक जुळणारे दिसले.

अर्थात, असा फरक आनुवंशिक आहे की वाढीच्या काळातील आहारामुळे पडला, हे केवळ मापांवरून सिद्ध होत नाही. परंतु शहर एक असूनही दोन प्राण्यांवर त्याचा परिणाम वेगवेगळा झाला, एवढे मात्र निश्चितपणे दिसते.

हे कळू शकले ते एका साध्या शिस्तीमुळे. प्रत्येक कवटीसोबत ती कोठे व केव्हा मिळाली याची नोंद होती. नोंद नसती, तर ती केवळ हाडे राहिली असती. शाळांतील निसर्गनिरीक्षणाच्या वह्यांत तारीख व ठिकाण न चुकता लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे म्हणूनच अगत्याचे आहे. आजची क्षुल्लक वाटणारी नोंद शंभर वर्षांनी मोलाचा पुरावा ठरू शकते.