सैनिकासाठी गोधडी : कापड कोणते, नक्षी कोणती?



गोधडी आपल्या सर्वांच्या घरी असते. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. पण सैनिकाला द्यायची गोधडी कशी असावी याचाही अभ्यास करावा लागतो, हे मला यंदा कळले. माझी चूक झाली म्हणून कळले. ती चूक आधी सांगते.

माझे मामा सैन्यात आहेत. दिवाळीला ते सुट्टीवर येणार होते. मी आजीला म्हटले, "आपण मामाला गोधडी शिवू या." शिंप्याकडून लाल कापडाचे तुकडे आणले. आजोबांचे पांढरे धोतर घेतले. आजी म्हणाली, "पोरी, लाल कापड आधी भिजवून बघ. रंग सोडतंय का ते कळंल." मला घाई होती. मी भिजवले नाही. महिनाभर आम्ही टाके घातले. मग गोधडी धुतली, तर सगळे पांढरे तुकडे गुलाबी झाले! मी खूप रडले. आजी म्हणाली, "ही तुला राहू दे. सैनिकाला चुकलेली वस्तू द्यायची नाही."

ही हकिकत मी बाईंना सांगितली. तेव्हा बाईंनी वर्गात अमेरिकेतील गोधड्यांची माहिती दिली. ती अशी :

१. ही चाल कोठली?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेव्हा बायकांनी जखमी सैनिकांसाठी दवाखान्यात गोधड्या पाठवल्या. त्या खाटेच्या मापाच्या, अरुंद असत. वापरून वापरून त्या विरल्या, म्हणून आज फार थोड्या उरल्या आहेत. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी लोकांनी पैसे देऊन गोधडीवर आपली नावे भरून घेतली. गोधडी तयार झाली आणि निधीही जमला.

२००३ साली कॅथरीन रॉबर्ट्स नावाच्या आईने नवे काम सुरू केले. तिचा मुलगा इराकच्या युद्धात गेला होता. त्या काळजीत तिला स्वप्न पडले. एक तरुण सैनिक खाटेच्या कडेला वाकून, फार दुःखात बसला होता. पुढच्या क्षणी तो गोधडी पांघरून बसला होता आणि शांत दिसत होता. त्यातून 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही संस्था निघाली. व्हॅलर म्हणजे शौर्य. आजवर या संस्थेने ३ लाखांहून जास्त गोधड्या सैनिकांना व माजी सैनिकांना दिल्या आहेत. तेथे गोधडी नुसती वाटत नाहीत. सैनिकाचे नाव घेऊन, त्याच्या खांद्यावर पांघरून, सन्मानाने देतात.

२. माप

गोधडी निदान ५५ इंच रुंद व ६५ इंच लांब असावी. जास्तीत जास्त ७२ बाय ९० इंच. ६० बाय ८० इंच हे माप चांगले समजतात. म्हणजे रुंदी ५ फूट आणि लांबी ६ फूट ८ इंच. का बरे? उंच माणसाचे खांदे झाकले की पाय उघडे पडू नयेत म्हणून.

३. कापड

वरचे कापड चांगल्या प्रतीचे सुती असावे. सुती कापड घाम शोषते आणि धुता धुता मऊ होते. सुती व टेरिकॉट एकत्र शिवू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, टेरिकॉट तेवढे आटत नाही. मग शिवण ओढली जाते आणि चुण्या पडतात.

येथे माझा व आजीचा वाद झाला. आपली गोधडी जुन्या लुगड्यांची असते. आजी म्हणते, "जुन्यात माया असते." ते खरेच आहे. जुने कापड मऊही असते. पण विरलेले कापड धुताना आधी फाटते. शेवटी आम्ही ठरवले, वर व खाली नवे सुती कापड, आणि आत आजीचे जुने लुगडे. बाहेर बळकटी, आत माया.

४. भर व टाके

गोधडीला तीन थर असतात. वरचा तुकड्यांचा, मधला भराचा व खालचा अस्तराचा. अमेरिकेत मध्ये कापसाची पातळ गादी घालतात. तिन्ही थरांतून टाके गेलेच पाहिजेत. हाताने घाला की मशीनवर, दोन्ही चालते. नुसत्या गाठी मारलेली गोधडी ही संस्था घेत नाही. टाके फार लांब लांब असले की धुताना आतला कापूस सरकून गोळा होतो. आपल्या आज्या धावदोऱ्याचे जवळजवळ टाके घालतात, ते उगीच नव्हे! काठाला गोट नीट लावावा, कारण गोधडी काठाकडून लवकर झिजते.

५. नक्षी

तेथे चांदणीची नक्षी फार आवडती आहे. चौकोन आणि त्रिकोण जोडले की चांदणी होते. दुसरी नक्षी 'लॉग केबिन', म्हणजे ओंडक्यांचे घर. मध्ये एक चौकोन आणि त्याभोवती चारी बाजूंनी पट्ट्या वाढवत न्यायच्या. मधला चौकोन पुष्कळदा लाल असतो. तो घरातील चुलीची खूण मानतात. लांब असलेल्या सैनिकाला घरची चूल आठवावी, किती छान कल्पना!

लाल, पांढरा व निळा हे त्यांच्या झेंड्याचे रंग पुष्कळ वापरतात, पण तशी सक्ती नाही.

६. झेंडा नको

मी मामाच्या गोधडीवर मधोमध तिरंगा काढणार होते. मला वाटले, मामांना अभिमान वाटेल. बाई म्हणाल्या, "अगं, झेंडा पांघरायचा नसतो." आपल्याकडे राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणारा कायदा १९७१ साली झाला. पुढे त्यात सुधारणा झाल्या. उशी, रुमाल किंवा कपड्याच्या कापडावर तिरंगा छापणे वा भरणे हा अवमान ठरतो. अमेरिकेच्या ध्वजसंहितेतही झेंडा अंथरूण-पांघरूण म्हणून वापरू नये असे आहे. म्हणून तेथे चांदण्या व रंग घेतात. गोधडी पायावर येते, जमिनीवर पडते, मळते. झेंड्याचे तसे होऊ नये.

७. करून पाहा

(अ) रंगाची परीक्षा : लाल, निळ्या किंवा काळ्या कापडाचा तुकडा गरम पाण्यात भिजवा. पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा. तरीही रंग सुटत राहिला तर वापरू नका.

(आ) सुताची परीक्षा : मोठ्या माणसाला जवळ घेऊनच करा. कापडाचा एक दोरा चिमट्यात धरून पेटवा. सुती दोऱ्याची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. टेरिलीनचा दोरा वितळून कडक मणी होतो.

८. शेवटी काय झाले?

मामा आले तेव्हा द्यायला गोधडी नव्हती. मला फार वाईट वाटले. मी त्यांना सगळे खरे सांगितले. मामा हसले आणि चटईवर आडवे झाले. म्हणाले, "घे माप!" मग त्यांनीच सांगितले, "फार जड नको, ट्रंकेत मावली पाहिजे. रंग मळखाऊ असू दे. आणि लवकर वाळली पाहिजे." हे मी आधी विचारलेच नव्हते! मला काय आवडते तेच मी पाहत होते.

दुसरी गोधडी आता अर्धी झाली आहे. तांबूस व निळे कापड तीन वेळा धुऊन घेतले आहे. मध्ये चुलीचा चौकोन आहे. मामा मे महिन्यात येतील, तोवर ती पुरी करायची आहे. गुलाबी गोधडी मी पांघरते. ती अंगावर घेतली की आजीचे शब्द आठवतात.

मित्रांनो, सैनिकाला काही द्यायचे तर उरलेसुरले देऊ नये आणि दिखाव्याचेही देऊ नये. त्याला काय लागते ते आधी विचारावे.

जय हिंद!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी