मॉरिशस : उसाच्या बेटावरील पाहुणे

आषाढी वारीस निघालेली श्रीतुकाराम महाराजांची पालखी इंदापूरचा मुक्काम आटोपून बावड्यावरून सराटीस जाते. त्या दिवशी ओसऱ्या, देवळे, झाडाखालची सावली, सारे काही पाहुण्यांचे होते. कोणी भाकरी देतो, कोणी पाण्याची घागर भरून ठेवतो, आणि त्याचे मोल कोणी मागत नाही. पुढे पादुकांस नीरेचे स्नान घडते, पालखी सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि गाव पुन्हा आपल्या उसाकडे वळते. एका दिवसाच्या पाहुण्यांनी गावाची किती धांदल उडते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मग वर्षाचे बाराही महिने पाहुणे सांभाळणे हाच ज्याचा एक मोठा व्यवसाय, अशा देशाची स्थिती कशी असेल? तशा एका देशाची ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे. त्या देशाचे नाव मॉरिशस. तेथेही ऊसच पिकतो, आणि तेथेही मराठी पूर्वजांची लेकरे नांदतात.

नकाशात आफ्रिका खंडाच्या पूर्वेस मादागास्कर हे मोठे बेट दिसते. त्याच्याही पूर्वेस हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर, मॉरिशस हा एक ठिपका आहे. रॉड्रिग्ज आदी लहान बेटे धरून या देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा सातवा-आठवा हिस्सा. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. बेट ज्वालामुखीच्या उद्रेकातून वर आलेले असल्याने जमीन काळ्या खडकाची आहे. शेतांच्या कडेला दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात, ते उसाकरिता जमीन मोकळी करताना वेचलेले दगड होत. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे तेथे जून ते सप्टेंबर हा हिवाळा. आपल्याकडे उसाला पावसाळी फुटवा येत असतो, तेव्हा तेथे ऊसतोड चालू असते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या बेटावर मूळचा रहिवासी असा कोणीच नाही. १५९८ साली डच खलाशी उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटास दिले. त्यांनीच १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. न उडणारा डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला, आणि आज तो या देशाच्या राजचिन्हावर मात्र विराजमान आहे. मनुष्यस्वभावाचा हा एक नमुनाच म्हणावयाचा. १७१० साली डच निघून गेले, मागाहून फ्रेंच आले, आणि १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. फ्रेंचांच्या अमलात आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून मळे कसले जात. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. पण तिच्या आधीच मळेवाल्यांनी नव्या हातांची तजवीज केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केले. पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या मार्गाने त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहार व पूर्वेकडील प्रांतांतली, कित्येक मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली काही मराठी, मुख्यतः कोकणातील. नाव लिहून घेणाऱ्या कारकुनास मराठी येत नसे. त्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने इंग्रजी-फ्रेंच अक्षरांत उतरविले, आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले.

ही मंडळी आज तेथे फ्रेंच आणि क्रिऑल बोलतात. परंतु मराठी अगदी सुटलेली नाही. तेथील शाळांतून मराठी हा विषय शिकविला जातो. गणेश चतुर्थीस साऱ्या देशाला सुटी असते. कोकणातला जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचला जातो. मराठ्यांची संख्या तेथे फारशी नाही, तरी समुद्रापलीकडे पाच-सहा पिढ्या टिकलेला हा जिव्हाळा आमच्या मते कौतुकास पात्र आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्या वेळी पुढील काळाविषयी फारशी कोणास आशा नव्हती. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात स्पष्ट बजावले होते की, लोकवस्ती वाढत आहे, पीक एकच आहे, आणि एवढ्याशा बेटावर इतक्या माणसांना काम कोठून मिळणार? त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. १९६० सालच्या ‘कॅरोल’ वादळाने ऊस भुईसपाट केला, तेव्हा देशाची कंबर मोडली होती. एका पिकावर बसलेल्या मुलखाला ते पीक गेले की दुसरा आधार नसतो, हे बावडा-इंदापूरच्या माणसास कोणी शिकवावयास नको. पाटाला पाणी आले नाही की घरोघर काय होते ते आपण पाहतोच.

मॉरिशसने दुसरा आधार शोधला तो कापडाच्या कारखान्यांत आणि समुद्रकिनाऱ्यात. कारखान्यांची कथा वेगळी आहे, ती येथे सोडून देऊ. किनाऱ्याची कथा अशी. १९७० साली वर्षभरात त्या देशात जेमतेम तीस हजार प्रवासी आले होते. २०१८ मध्ये ही संख्या १४ लाखांच्या घरात गेली, म्हणजे दर रहिवाशामागे वर्षाला एकाहून अधिक पाहुणा! फ्रान्स, जवळचे रेयुनियन बेट, इंग्लंड, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत येथून ही माणसे येतात. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून राष्ट्राच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या पाहुणचारातून निघतो. इकडे उसाचे मान घटत गेले. १९७३ साली देशात सात लाख टनांवर साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाख टनांच्या आसपास असते. युरोपातील देश ठरावीक भावाने साखर घेत असत, तो भाव २००६ पासून तीन-चार वर्षांत शेकडा ३६ ने उतरविण्यात आला. ज्यांच्या आजोबांनी कोयता धरला, त्यांची नातवंडे आज हॉटेलात ताटे वाढतात, होड्या चालवितात, हिशेब ठेवतात. यात कमीपणा आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. गिरमिटापेक्षा ही चाकरी हजार पटींनी बरी.

परंतु हा व्यवसाय उभा आहे कशावर, हे समजून घेतले पाहिजे. बेटाच्या बहुतेक सर्व बाजूंनी समुद्रात पोवळ्यांचा एक तट आहे. पोवळे हा दगड नव्हे. तो अतिसूक्ष्म प्राण्यांनी चुन्याची घरे बांधून पिढ्यान्‌पिढ्या उभारलेला बांध आहे. महासागराची लाट या बांधावर येऊन फुटते, आणि बांध व किनारा यांच्यामध्ये उथळ, संथ, निळे पाणी राहते. पांढरी वाळू म्हणून ज्या किनाऱ्याची ख्याती, ती वाळूदेखील मोडलेल्या पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचाच चुरा होय. नदी जेथे समुद्रास मिळते तेथे या बांधाला खिंड असते, कारण गोड्या आणि गढूळ पाण्यात पोवळे जगत नाही. तेव्हा पोवळे मेले तर लाट थेट किनाऱ्यावर येणार, नवी वाळू तयार होणार नाही, आणि आहे ती वाहून जाणार. समुद्राचे पाणी तापले की पोवळी पांढरी पडून मरू लागतात. भरीस भर म्हणून पुष्कळ वर्षे घरे बांधण्याकरिता त्याच उथळ पाण्यातून वाळू उपसली जात असे. २००१ साली सरकारने ती बंद केली. नीरा-भीमेच्या पात्रांतून वाळूच्या गाड्या जाताना पाहिलेल्या आमच्या वाचकांस या बंदीचे महत्त्व चटकन पटेल.

दुसरा प्रश्न, किनारा कोणाचा? कायद्याने तो सर्वांचा आहे. भरतीच्या रेषेपर्यंतच्या वाळूवर कोणत्याही माणसाला फिरण्याचा हक्क आहे, मग मागे कितीही मोठे हॉटेल असो. पण वाळूपर्यंत जावयाची वाटच जर भिंतीआड गेली, तर हक्काचे काय करावयाचे? हॉटेले वाढली तसतशा रविवारी मुलाबाळांसह जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या साध्या कुटुंबांच्या जागा आखडत गेल्या. २००२ पासून परदेशी धनिकांस बंगले विकत घेण्याची सवलत मिळाली, आणि कित्येक ठिकाणी उसाच्या फडांवर बंगले उभे राहिले. ‘आमचे किनारे चोरू नका’ अशा अर्थाचे क्रिऑल नाव घेऊन नागरिकांची एक चळवळही तेथे उभी राहिली आहे. हा वाद आपल्याला अगदीच परका नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ येथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास पुण्या-मुंबईची मंडळी येतात, आणि काठच्या मच्छीमारांच्या होड्यांना त्यामुळे काम मिळते. तेथे आज वल्हे गावच्याच माणसाच्या हाती आहे. उद्या काठावर मोठाली हॉटेले झाली तर ते कोणाच्या हाती असेल, याचा विचार आताच केलेला बरा.

२०२० साली मॉरिशसच्या या साऱ्या व्यवस्थेची दुहेरी परीक्षा झाली. मार्च महिन्यात महामारीमुळे देशाची दारे बंद झाली. विमाने थांबली, हॉटेले ओस पडली. आदल्या वर्षी पावणेचौदा लाखांवर पाहुणे आले होते. २०२१ मध्ये दोन लाखही आले नाहीत. अशा स्थितीत २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे एक जपानी मालकीचे प्रचंड मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ पोवळ्यांच्या तटावर चढून रुतले. जहाजात माल नव्हता, परंतु त्याचे स्वतःचे इंधन हजारो टन होते. बारा दिवसांनी, ६ ऑगस्टच्या सुमारास, त्यातून काळे तेल गळू लागले. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात उतरले.

त्या वेळी लोकांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. तेल अडविण्याचे तरंगते बांध देशात पुरेसे नव्हते. पण ऊसतोडीचे दिवस होते, आणि फडांत पाचट हवे तितके पडले होते. लोकांनी ते गाड्या भरभरून किनाऱ्यावर आणले. माहेबूर गावी आणि आसपास बायका-पुरुष, मुले, कोळी, हॉटेलांतले बेकार झालेले नोकर रस्त्यावर बसले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासून भरले, तरंगावे म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि हे उसाच्या पाचटाचे बांध समुद्रात सोडून तेलाला आवर घातला. हात, कपडे, होड्या काळ्या झाल्या. कोणी कोणास मजुरी विचारली नाही. आपण जे पाचट फडात जाळून टाकतो किंवा फार झाले तर खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवतो, त्याने एका देशाच्या समुद्राचे जमेल तितके रक्षण केले. आणि त्या दिवसांत किनाऱ्यावर पैसे देणारा पाहुणा असा जवळजवळ कोणी नव्हता! जे वाचवावयाचे ते पाहुण्यांकरिता, असा हिशेब त्या माणसांनी केला असता तर ती घरीच बसली असती. १५ ऑगस्ट रोजी जहाजाचे दोन तुकडे झाले. किनाऱ्याच्या इतके जवळ ते आले ते मोबाइलचा संदेश मिळावा म्हणून, असे चौकशीत पुढे आले. जहाजाचा कप्तान भारतीय होता, त्याला तेथील न्यायालयाने शिक्षा केली. हेही लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाची दारे पुन्हा पूर्ण उघडली, आणि २०२४ पर्यंत पाहुण्यांची संख्या पूर्वीच्या जवळ, म्हणजे पावणेचौदा लाखांवर, पोहोचली.

मुंबईहून विमानाने आज सुमारे सहा तासांत मॉरिशसला जाता येते. जे जातील त्यांनी किनारा तर पाहावाच. पांपलमूसच्या बागेतील परातीएवढी कमलपत्रे, शामारेल येथील सात रंगांची माती, महाशिवरात्रीस पांढऱ्या वस्त्रांत पायी चालत येणाऱ्या यात्रेकरूंचा गंगा तलाव हेही पाहावे. सप्टेंबरात गेल्यास सेंट क्रुआ येथे फादर लावाल यांच्या समाधीची यात्रा सापडेल. १८४१ साली आलेल्या या फ्रेंच धर्मगुरूने नुकत्याच सुटलेल्या गुलामांत आयुष्य घालविले, आणि आज त्यांच्या समाधीवर ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सारेच मेणबत्ती लावतात. पण एक जागा अशी आहे की जी चित्रांच्या पुस्तकांत क्वचितच दिसते. पोर्ट लुईच्या बंदरात ‘आप्रवासी घाट’ म्हणून एक जुनी वास्तू आहे. २००६ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. गिरमिटिये जहाजातून उतरून याच पायऱ्या चढून आत जात आणि दोन दिवस तेथे राहून मळ्यांकडे पाठविले जात. त्यांची नावे, गावे, जहाजांचे क्रमांक आणि मागाहून काढलेली छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. पणजोबा कोणत्या गावचे, हे विचारावयास तेथील मराठी माणसे अजून त्या वह्यांपाशी येतात.