गोळीने पुरळ उठलं, तर गप्प बसू नका

भातलावणीत कंबर धरली की पौड-पिरंगुटच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणायच्या, पाळीत पोट दुखलं की मेफेनॅमिक अ‍ॅसिड घ्यायचं, हे मुळशीत घरोघरी चालतं. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या अंगावर मात्र पुरळ उठतं, आणि ‘मला ती गोळी सोसत नाही’ एवढंच म्हणून विषय मिटतो. तो असा मिटू नये. नव्या औषधाची चाचणी बाजारात येण्यापूर्वी बहुधा काही हजार लोकांवरच होते. 10,000 जणांत एकाला होणारा त्रास एकदा तरी हमखास दिसायचा, तर सुमारे 30,000 माणसं तपासावी लागतात. म्हणजे दुर्मिळ दुष्परिणाम औषध घरोघरी पोहोचल्यावरच उघड होतात, तेही कुणी कळवलं तर.

‘एकट्याने कळवून काय होणार?’ हा प्रश्न हमखास येतो. याच मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने 30 नोव्हेंबर 2023 रोजी इशारा दिला, तो देशभरातून जमलेल्या अशाच नोंदी तपासून. या औषधाने क्वचित ‘ड्रेस’ नावाची गंभीर अ‍ॅलर्जी होते: ताप, पुरळ, गाठींना सूज, कधी यकृतालाही इजा. ती साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तोवर गोळी विसरलेली असते. म्हणूनच ‘गोळीमुळेच झालं कशावरून?’ ही शंकाही कळवण्याच्या आड येऊ नये. नुसता संशय पुरे. कारण ठरवणं तज्ज्ञांचं काम. डॉक्टर अडचणीत येतील ही भीतीही नको. नोंद गोपनीय राहते आणि ती कुणाविरुद्धची तक्रार नसते.

मोठी अडचण वेगळीच आहे. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो आणि औषधाचं नाव, बॅच नंबर उरलेल्या पट्टीवर त्याच्याकडेच राहतो. मग कळवणार काय? नाव, बॅच दिसेल असाच तुकडा मागा किंवा बिल घ्या, आणि गोळी कधी सुरू केली, त्रास कधी झाला, हे त्यावर लिहून ठेवा. कळवायचं कमिशनकडे; त्यांचा रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी फोन करूनही सांगता येतं. संशय आला तरी रक्तदाबाची, फिटची किंवा क्षयाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकू लागला किंवा तोंडात फोड आले, तर फॉर्म नंतर. आधी 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.